मालधक्का मोठ्या घरी पडला

मालधक्क्यावर नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. पोत्याला हुक लावला की मूठभर ज्वारी सांडतेच, तसा दिवसाला एखादा किस्सा सांडायचाच. घरी कुणी आलं की मी एक सांगायला घेतो, त्याच्याखालून दुसरा निघतो, आणि आतून आवाज येतो, "अहो, त्यांचा चहा निवला!"

मी बिराजदार. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या रेल्वे मालधक्क्यावर गुड्स क्लार्क होतो. धक्क्याचे प्रमुख पाठक मास्तर. काळी टोपी, बारीक आवाज, आणि गावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांची मुलंबाळं नावानिशी ठाऊक. हमालांचा मुकादम सिद्राम, कुंभारीचा. आणि रोजची गिऱ्हाइकं दोन: धान्याच्या अडतीचे वीरभद्रप्पा आणि चादरींचे दासरी शेठ. एवढी माणसं ध्यानात ठेवा, बाकीची येतील आणि जातील.

तर एक दिवस वरून कागद आला. आमचा विभाग एका मोठ्या विभागात विलीन झाला होता. आता सुसूत्रता येणार, कामं झटपट होणार, व्यापारी खूश होणार, असं तीन पानं भरून लिहिलं होतं. मास्तरांनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. वीरभद्रप्पांनी शांतपणे ऐकलं, पानाची चंची गुंडाळली आणि म्हणाले,

"म्हंजे पोरगी मोठ्या घरी पडली म्हना की! आता माहेरच्यांनी भेटायचं तर परवानगी लागनार."

आम्ही सगळे हसलो. महिनाभर हसलो असू!

*

आधी काय होतं, की वॅगन पाहिजे असेल तर व्यापारी मास्तरांच्या टेबलापाशी यायचा. तक्रार असेल तर त्याच टेबलावर हात आपटायचा. आता वॅगन, तक्रार, नुकसानभरपाई, सगळ्याचा निकाल हेड ऑफिसात. आणि ते हेड ऑफिस एक रात्र आणि वर अर्धा दिवस गाडीत बसल्यावर यायचं.

पहिल्याच आठवड्यात तिकडून एक पाटी आली. मास्तरांनी ती खिडकीवर लावली: "तक्रारी लेखी व तीन प्रतींत कराव्यात."

करमाळ्याहून आलेला एक शेतकरी बराच वेळ पाटीसमोर उभा होता. त्याचं एक पोतं हरवलं होतं. त्यानं सिद्रामला विचारलं, "काय लिवलंय?" सिद्रामलाही वाचता येत नव्हतं, म्हणून तो मला विचारून गेला आणि त्यानं त्या माणसाला समजावलं.

तो माणूस म्हणाला, "तीन प्रती म्हंजे? तीनदा वरडायचं व्हय?"

आणि खरंच तीनदा ओरडला! तिसऱ्या वेळी मास्तर टोपी सावरत बाहेर आले आणि त्याला घेऊन गोदामात गेले. पोतं सापडलं, दुसऱ्याच्या ढिगात होतं. त्या तक्रारीचा कागद मात्र आम्ही केला नाही. केला असता तर पोतं अजून सापडलं नसतं, हे मी लिहून देतो!

*

माळशिरसकडचे वाघमोडे तात्या एक खिलार बैल घेऊन आले. गुलबर्ग्याच्या पलीकडे दिलेल्या लेकीला तो पाठवायचा होता. सोलापूरपर्यंत त्याला चालवत आणलं होतं. पांढराशुभ्र, शिंगं अशी की दारातून आत घेताना सिद्रामनं सगळ्या हमालांना बाजूला केलं.

पूर्वी मास्तरांनी दोन दिवसांत गुरांचा डबा मागवला असता. आता परवानगी हेड ऑफिसची. तार केली. उलट प्रश्न आला: "मालाचे पॅकिंग कसे आहे?"

त्यांच्याकडे एकच छापील फॉर्म, तो चादरीला तोच आणि बैलाला तोच. मास्तर तीस वर्षांत कधी कुणाला वाकडं बोलले नसतील. पण त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "लिहा बिराजदार. माल कातड्यात पॅक आहे. शिवण पक्की."

मी लिहिलं, तार गेली. दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न: "माल फुटणारा आहे काय?"

सिद्राम तिथंच उभा होता. बैलानं सकाळीच ऑफिसच्या फळीला शिंग मारून भोक पाडलं होतं. सिद्राम म्हणाला, "सायेब, कळवा त्यास्नी. फुटनारा न्हाय, फोडनारा हाय!"

चौथ्या दिवशी तात्यांनी दावं सोडलं. मास्तर त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. तात्या म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाय मास्तर. तुमी बैलाला रोज कडबा घातला. पन आमी जातो आता. पाय हायती दोघास्नी."

आठ दिवसांनी लेकीच्या गावाहून कार्ड आलं. "बैल पोचला. मीबी पोचलो. काळजी नसावी." हेड ऑफिसची परवानगी त्याच्या दुसऱ्या दिवशी आली!

*

हा पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे, तोही सांगितला पाहिजे.

विलीनीकरणानंतर नवे फॉर्म आले. जुन्या फॉर्मवर आधी "कोठून" आणि मग "कोठे" असा रकाना असायचा. नव्यावर उलटं. माझा हात वर्षानुवर्षांचा. दासरी शेठच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर मी सवयीनं लिहून गेलो: दिल्लीहून, सोलापूरला!

गठ्ठे निघाले. वाटेतल्या एका जंक्शनवर कुणीतरी प्रामाणिक माणसानं कागद नीट वाचला आणि ते सोलापूरला परत फिरवले. तरी यायला दोन महिने लागले. तोवर दासरी शेठ रोज येत, खिडकीशी उभे राहत आणि विचारत, "बिराजदार, पोरं कुटं हायेत आमची?" चादरींना ते पोरंच म्हणायचे. घरच्या मागांवर, घरच्या माणसांनी विणलेल्या.

गठ्ठे उतरवले तेव्हा एकाची शिवण उसवली होती. शेठनी वाकून चादरीचं टोक बाहेर ओढलं, बोटात धरून चोळलं, उजेडाकडे धरलं आणि गंभीरपणे म्हणाले,

"दिल्लीचा माल एक नंबर हाय. पन डिझाइन कुनीतरी आमचं चोरलंय!"

सगळे हमाल हसले. मला हसू येईना. माझ्या हातात तेव्हा एक ताजं सर्क्युलर होतं, की यापुढे कोणत्याही कर्मचाऱ्याने ग्राहकासमोर चूक तोंडी मान्य करू नये. चूक झाली किंवा कसे, ते हेड ऑफिस ठरवील. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. आता तुम्हीच सांगा, ती परवानगीच नव्हे का!

मी म्हणालो, "शेठ, चूक माझी. मी रकाना उलटा भरला."

दासरी शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस. एवढंच पायजे होतं आमाला. दोन महिने कुनी बोललंच न्हाय." मग त्यांनी गठ्ठे ट्रकमध्ये चढवले. दिवाळीला घरी एक चादर पाठवली. धक्क्यावर माल मात्र पुन्हा पाठवला नाही.

*

वीरभद्रप्पांचा किस्सा याहून लांबला.

त्यांनी बियाण्याच्या ज्वारीसाठी बंद वॅगन मागितली. हेड ऑफिसनं उघडी पाठवली, कारण उघडी शिल्लक होती! मास्तरांनी ताडपत्री घातली, दोर आवळले, पण वाटेत अवकाळी पाऊस आला आणि ज्वारी भिजली. पलीकडच्या व्यापाऱ्यानं ती घेतली नाही. पोती परत सोलापुरात.

वीरभद्रप्पांनी भरपाईचा अर्ज केला, तीन प्रतींत. पाडवा गेला, दसरा गेला, पुढचा पाडवा आला. मग पत्र आलं: "भिजलेल्या ज्वारीचा नमुना तातडीने सादर करावा."

वीरभद्रप्पा पत्र घेऊन धक्क्यावर आले. मला वाटलं, आता टेबल तुटतं. पण ते खुशीत होते. त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी मास्तरांसमोर ठेवलं. उलगडलं तर आत ज्वारीचं टपोरं कणीस!

"येन्री मास्तर," त्यांनी कानडीत हाक मारली, "बघता काय? ह्योच नमुना. वर्षभर कसा ठेवनार? तवाच मोड आलते, परड्यात टाकला मूठभर. उगवला, वाढला, काढलाबी. पाठवा."

मास्तरांनी ते रीतसर पार्सल केलं. लेबल लावलं. शिक्का मारला.

महिन्यानं उत्तर आलं: "नमुना मिळाला. मात्र तो कोरडा आढळल्याने दावा फेटाळण्यात येत आहे."

*

एव्हाना वरच्या लोकांच्याही लक्षात आलं होतं की सोलापूरचा माल कमी होतोय आणि ट्रक वाढतायत. म्हणून "ग्राहक मैत्री सप्ताह" साजरा करायचं ठरलं. धक्क्यावर मांडव घातला, गुळाचा चहा झाला, हेड ऑफिसचे बडे साहेब स्वतः आले. माणूस सज्जन होता, मी खोटं कशाला बोलू. हात जोडून हिंदीत म्हणाले, "आप लोग हमसे नाराज क्यों हैं? खुलके बताइए."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी वीरभद्रप्पा उठले.

"सायेब, वॅगनला उशीर पहिल्यापास्नं व्हायचा. पोती पहिल्यापास्नं फुटायची. त्याचं काय न्हाय. पन पहिलं भांडायला समोर मानूस होता. आता भांडायचं तर पोस्टाचं तिकीट लागतंय!"

टाळ्या पडल्या. मी शेजारी बसून साहेबांना हिंदीत समजावलं. त्यांनी मान डोलावली, डायरीत लिहून घेतलं. मास्तर मला हळूच म्हणाले, "बिराजदार, कळलं बरं का त्यांना."

पंधरा दिवसांनी आदेश आला: "सोलापूर मालधक्क्यावर व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी पोस्टाची तिकिटे ठेवण्यात यावीत."

*

हसून झालं की मला सिद्राम आठवतो. माल गेला, तशी हमालांची कामं गेली. त्याच्या टोळीतले निम्मे गिरणीच्या गेटवर जाऊन बसले. मी एकदा मार्केट यार्डात गेलो, तर सिद्राम एका ट्रकमध्ये पोती चढवताना दिसला. दंडावर आमचा पितळी बिल्ला तसाच, घासून चकचकीत केलेला.

म्हटलं, "सिद्राम, अरे हा बिल्ला इथं कशाला?"

पोतं पाठीवर तसंच ठेवून तो थांबला. "सायेब, पोट हितं भरतंय. पन मानूस मी तितला हाय की."

लोकांना वाटतं व्यापारी मालगाडीवर रुसले ते पैशासाठी. साफ चूक! मी खिडकीच्या आत बसून सगळं बघितलंय. ज्यांचा या धक्क्यावर सगळ्यात जास्त जीव होता, तेच आधी गेले आणि जाताना पुन्हा पुन्हा मागं बघत गेले.

*

आता पाठक मास्तरांच्या बदलीचं सांगतो.

हेड ऑफिसला नुकसानभरपाईच्या विभागात अनुभवी माणूस पाहिजे होता. मास्तरांना ऑर्डर आली. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, पण मास्तर ऑर्डर मोडणाऱ्यातले नव्हते. बदली झालेल्या माणसाचं घरसामान रेल्वे फुकट नेते. मी स्वतः अर्ज भरला, रकाने दोनदा तपासून. आणि काय सांगू, वॅगन मागितली त्याच दिवशी मंजूर! बंद वॅगन, नवी कोरी, ठरल्या सकाळी धक्क्याला लागली. आम्ही तर बघतच राहिलो.

सिद्राम आपली जुनी टोळी घेऊन आला. त्यांनी वॅगन आतून धुतली, खाली गवत अंथरलं, दाराला झेंडूचा हार बांधला. दासरी शेठ आले. कित्येक दिवसांत धक्क्यावर पाय न ठेवलेले वीरभद्रप्पा पेढे घेऊन आले. सगळे मास्तरांची वाट बघत उभे.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मग फाटकातून एक ट्रक आत आला. मागं कपाट, पलंग, घडवंची, दोर आवळून बांधलेल्या ट्रंका. पुढं ड्रायव्हरशेजारी काळी टोपी!

मास्तर सावकाश खाली उतरले. सगळे एकदा ट्रककडे, एकदा वॅगनकडे बघू लागले. वीरभद्रप्पांनीच तोंड उघडलं, "मास्तर, वॅगन तयार हाय की! फुकट हाय. हार घातलाय."

मास्तर वॅगनपाशी गेले. दारावरून हात फिरवला, कडी लावून बघितली, काढून बघितली. डोळ्यांत पाणी होतं. "फार चांगली वॅगन आहे," म्हणाले. सगळ्यांना एकेक करून नमस्कार केला, सिद्रामला जवळ घेतलं, माझ्या हातात धक्क्याच्या किल्ल्या दिल्या.

मग ट्रकमध्ये चढताना वीरभद्रप्पांकडे वळले आणि त्या बारीक आवाजात, अगदी ओशाळून म्हणाले,

"अहो अप्पा, आमच्या हिच्या लोणच्याच्या बरण्या आहेत सामानात."