साळवे बाईंची मोजणी

"तिथे जमीन कोणाच्या नावावर असते?"

साळवे बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभा राहून मी कोणाला तरी फोनवर माझ्या सर्व्हरबद्दल सांगत होतो. ठोकळे रचून घरं, रस्ते, अख्खी गावं बांधायचा तो खेळ. माझ्या सर्व्हरवर पन्नासेक माणसं एकाच जगात बांधकाम करत. बाई दुसऱ्या मजल्यावरून गुडघा सांभाळत उतरत होत्या. त्या थांबल्या आणि माझं बोलणं संपेपर्यंत अजिबात न संकोचता ऐकत राहिल्या.

"कोणाच्याच नाही," मी म्हटलं. "सगळी मोकळीच आहे."

"मग मारामाऱ्या रोजच्याच असतील," असं म्हणून त्या भाजी आणायला गेल्या.

खरं होतं, म्हणूनच मला राग आला. कोणी दोन महिने खपून घर बांधायचं आणि दुसऱ्या कोणी येऊन पाच मिनिटांत ते जाळून जायचं, केवळ गंमत म्हणून. याला आमच्यात ग्रीफिंग म्हणतात. मी दिवसभर खराडीला नोकरी करायचो आणि घरी येऊन लोकांची जळकी घरं निस्तरायचो. आठवड्याभराने मीच बाईंच्या दाराची बेल वाजवली आणि सर्व्हरवरचं जागावाटप तुम्हीच बघा म्हटलं.

बाई निवृत्त भूकरमापक. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरून चालल्या, आणि गुडघे त्यातच गेले. खेळ शिकायला त्यांना तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी चुकून सात ठोकळे फुटले, तर सातही मालकांची त्यांनी लेखी माफी मागितली. समोरचा सहावीतला असला तरी त्याला 'आपण' म्हणत. पण नियमांत सूट नाही. कोणी जागा मागितली की आधी शेजाऱ्यांना नोटीस, मग दोन्ही बाजूंना घेऊन हद्दीवरून चालायचं, मग कोपऱ्यांवर पांढरे दगड रोवायचे. कोणाचं काही मोडलं तर पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

या शेवटच्या नियमावर आमचं कायम वाजायचं. "अहो बाई, सर्व्हर प्रत्येक ठोकळ्याची नोंद ठेवतो," मी सांगायचो. "कोणी ठेवला, कोणी तोडला, किती वाजता. नाव टाकायचं, बटण दाबायचं, त्या माणसाने केलेलं सगळं उलटतं. रोलबॅक म्हणतात."

बाई चष्म्यावरून बघायच्या. "बटण फारच छान आहे. दाबण्याआधी कोणाला विचारता?"

आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य यायचं: "तोडलेलं सगळ्यांना दिसतं हो. ठेवलेलं कोण बघतं?" कुंपण मोडलं की गाव गोळा होतं, पण भांडणाचं मूळ बहुतेक वेळा कोणीतरी गुपचूप आणून ठेवलेल्या हद्दीच्या दगडात असतं, असा त्यांचा अनुभव होता. मी मान डोलवायचो आणि विसरून जायचो.

त्यानंतर आम्ही खेळात पुण्याची मंडई बांधायला घेतली. मधला उंच मनोरा, भोवतीची आठ कोनांची इमारत, आतले गाळे. कल्पना ऋतुजाची. ती आर्किटेक्चरला होती आणि तिच्या आईचा मंडईत कांद्या-बटाट्याचा गाळा होता. चार महिने ती जवळपास एकटीच राबली. उद्घाटन रविवारी सकाळी अकराला ठरलं. आईला शेजारी बसवून ती तिला स्वतःचाच गाळा स्क्रीनवर दाखवणार होती.

त्या रविवारी पावणेदहाला मी सर्व्हर उघडला आणि माझं डोकंच फिरलं. मंडईच्या आतली फरशी उखडलेली, कांद्याच्या गाळ्याची भिंत गायब. नोंदी काढल्या. तीनशे बारा ठोकळे तोडलेले, आणि तोडणारी खुद्द ऋतुजा. आदल्या आठवड्यात तिचं माझ्याशी श्रेयावरून थोडं वाजलं होतं. मी तेवढ्यावर निकाल लावला. तिला बॅन केलं, तिच्या नावाने त्या सकाळपुरता रोलबॅक केला, फरशी आणि भिंत जागच्या जागी आली. वर सर्व्हरच्या ग्रुपवर टाकलं: "ऋतुजाने मंडई मोडायचा प्रयत्न केला. तिला काढलं आहे." तिचे तीन फोन आले. मी घेतले नाहीत.

अकराला वीस मिनिटं असताना दारात साळवे बाई. धाप लागलेली, हातात कागद.

"ऋतुजांचा मला फोन आला. रडत होत्या. तुम्ही त्यांचं तोडलेलं परत आणलंत?"

"सगळं. एकूण एक."

"सगळं," बाई म्हणाल्या. "छान. त्यांनी फरशी कशासाठी उखडली होती, माहितीये? खाली सुरुंग होते. त्या ते काढत होत्या. चाळीस काढून झाले होते. आता तुम्ही चाळीसच्या चाळीस परत पेरलेत."

स्क्रीनवर मंडईच्या दारासमोर चाळीस माणसं जमली होती. सर्वांत पुढे, फितीपाशी, माझंच पात्र मी आधीच उभं करून ठेवलं होतं.

माझा हात सर्व्हर बंद करायच्या बटणाकडे गेला. बाईंनी मनगट धरलं.

"बंद करून गुपचूप निस्तरणार? त्यांचं नाव चारचौघांत घालवलंत, ते चारचौघांतच परत द्यायचं. आधी त्यांना आत घ्या."

मी ऋतुजाचा बॅन उठवला. बाईंनी माझा कीबोर्ड ओढला आणि एका बोटाने, अक्षर शोधत टाइप केलं: "सर्वांनी आहात तिथेच उभे राहावे. कोणीही पाऊल उचलू नये. साळवे." कोणीतरी विचारलं, "राष्ट्रगीत आहे का?" कोणी हसण्याच्या खुणा टाकल्या. एकाने जागच्या जागी उडी मारली.

"सुरुंग आपोआप उडत नाही," बाई म्हणाल्या. "कळ कुठे आहे? ऋतुजांनाही सापडली नव्हती. आता ठेवलेल्याची नोंद काढा. गेल्या आठवड्यात नवीन कोण आलं?"

मी यादी काढली. सुरुंगाचे चौसष्ट ठोकळे, सगळे एकाच खात्यावरून. चार गोड शब्दांवर भुलून, बाईंना न विचारता, मंडईत बांधकामाची परवानगी मीच त्याला दिली होती. यादीत शेवटची नोंद एका फरशीची. पाय पडला की दबणारी, भोवतीच्या दगडाच्याच रंगाची. मुख्य दाराच्या उंबऱ्यात. माझ्यापासून दोन पावलांवर.

ऋतुजा आली ती मागच्या दाराने. आतून उंबऱ्यापर्यंत येऊन तिने आधी ती फरशी बाजूने खणून काढली. मग एकेक सुरुंग. बाई कागदावर टिंब मारत मोठ्याने मोजत होत्या. चौसष्ट होईपर्यंत बावीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ चाळीस माणसं खरोखर हलली नाहीत.

मग मी ग्रुपवर लिहिलं, "गैरसमज झाला होता." बाईंनी ते वाचलं.

"झाला नव्हता, तुम्ही करून घेतला होता. खोडा. 'मी चूक केली' असं लिहा. पुढे स्वतःचं नाव."

मी लिहिलं. इतकं छोटं वाक्य लिहायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता. त्या दुपारी ऋतुजाच्या आईने कांद्याचा गाळा पाहिला म्हणे. वजनकाटा उजवीकडे हवा, एवढंच त्या बोलल्या.

बाई गेल्या वर्षी गेल्या. दहाव्यानंतर एका सकाळी मी त्यांच्या खात्याच्या नोंदी उघडल्या. तोडलेले ठोकळे सात, सगळे पहिल्या दिवशीचे. ठेवलेल्यांत नुसते हद्दीचे दगड, पानंच्या पानं. मधेच एक पाटी होती. तारीख आणि वेळ बघून मी थबकलो. तोच रविवार, दहा वाजून चार मिनिटं. ऋतुजाला काढल्याचं मी ग्रुपवर टाकल्यानंतरची आणि तिने बाईंना फोन करायच्या बरीच आधीची. म्हणजे तेव्हा बाईंना सुरुंगांचा पत्ताही नव्हता.

मी मंडईत गेलो. कांद्याच्या गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशी ती पाटी होती: "या इमारतीतील अकरा हजार चारशे ठोकळे ऋतुजा यांनी ठेवलेले आहेत. हरकत असल्यास समक्ष भेटावे. साळवे."

मी तिचे तोडलेले तीनशे बारा मोजत बसलो होतो, तेव्हा बाई हे मोजत होत्या. मला फार लाज वाटली, आणि बाईंची फार आठवण आली.

मी ऋतुजाला फोन लावून पाटीबद्दल सांगितलं.

"मला त्याच दिवशी दिसली होती, दादा," ती म्हणाली. "सुरुंग काढून झाल्यावर सर्व्हर कायमचा सोडणार होते मी."