स्कूटरवरच्या रेकॉर्डरमधली हाक

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक सांगता येणार नाही... पण जे घडलं ते लिहिते.

आम्ही जबलपूरचे, तिथल्याच गोरखपूर भागात राहतो. मी शाळेत शिकवते. नाद एकच — आवाज रेकॉर्ड करायचा. भाजीवाल्यांच्या हाका, पाखरं, काहीही. पण स्कूटरवर रेकॉर्डर बांधला की नुसती घरघर यायची. बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. त्यांनी जाड पीव्हीसी पाइपाचं एक कडं कापलं, त्यात केसांचे रबर ताणले, मधोमध रेकॉर्डर लटकवला आणि आरशाच्या दांडीला क्लॅम्प केला. घरघर गायब! हे सगळं त्यांनी खुणांनीच समजावलं. कारण तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलंय. गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतात. आवाज अजिबात नाही... पाटीवर लिहून बोलतात.

मार्चमधल्या एका सकाळी ते फिरायला गेले ते परतलेच नाहीत. मोबाइल घरीच. नऊ वाजता आई रडकुंडीला आली. "काहून बसून राहिली? जा ना, शोध त्यांना!"

ते कधीकधी बसने पनागरकडे ताजी भाजी आणायला जायचे, म्हणून मी तो रस्ता धरला. सवयीने रेकॉर्डरही चालू केला. दिसेल त्याला फोटो दाखवला. रस्ता दोनदा पालथा घातला. ज्याला मदतीसाठी ओरडताही येत नाही, त्याला शोधायचं कसं?

दुपारी पोलिसांत कळवून चौकीबाहेर बसले. एक चहावाला काहीतरी म्हणाला होता, ते नीट आठवेना. म्हणून हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. "नहीं दीदी, इधर तो कोई नहीं आए." मग स्कूटर. मग आटाचक्कीची, रस्त्यालगतच्या पिठाच्या गिरणीची फटफट... आणि ती संपताच, अगदी स्पष्ट —

"चिमे... पुलियाखाली."

बाबांचा आवाज. तीन वर्षांपूर्वीचा, थोडा खरखरीत. तिथून जाताना मला असं काही ऐकू आलं नव्हतं. चिमी मला फक्त तेच म्हणायचे.

मी चक्कीपाशी पोहोचले. पुढे शंभरेक पावलांवर पुलिया, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल होता. खाली कोरड्या नाल्यात बाबा पडलेले... मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, बेशुद्ध. श्वास चालू होता. मी जिवाच्या आकांताने ओरडले, ट्रॅक्टरवाले धावून आले.

डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. बहुतेक पडल्यापासूनच ते बेशुद्ध असावेत.

आठवड्याने हॉस्पिटलमध्ये मी त्यांना ते ऐकवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं — "हा कोण?"

"बाबा, तुम्हीच ना!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. लिहिलं, "पाय घसरला तेवढं आठवतं. मी कोणालाच हाक मारली नाही."

एका इंजिनिअर मित्राने फाइल तपासली. तो वाऱ्याचा आवाज नाही, जुनी क्लिप मिसळलेली नाही. ती हाक आली कुठून, हे त्यालाही सापडलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी आईनेही हेडफोन लावले ते काढेचना. डोळे मिटून, बाबांचा हात धरून त्यांचा तो आवाज ऐकत बसली होती.

"अजून एकदा लाव," म्हणाली.