कारणांचा रकाना

टोराँटोतल्या आमच्या बँकेत, सौदे चालतात त्या मजल्यावर, माणसाची लायकी खुर्चीवरून ओळखावी. खिडकीशी पॉलीन थिबो, आमच्या रांगेची प्रमुख. शेजारी डग मॅकीव्हर. मग मी, गिऱ्हाइकांशी फोनवर गोड बोलणारा. आणि पार टोकाला, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो तिथे, विनिपेगची लेस्या ह्रिन्को. चार वर्षं ती डगच्या सौद्यांचे तक्ते भरत होती आणि साऱ्या रांगेची सँडविचेस आणत होती. तिला एकच गोष्ट हवी होती: स्वतःचं खातं. कुठले रोखे घ्यायचे, कुठले फुंकून टाकायचे, हे आपलं आपण ठरवायचं. पण आमच्यात वरचा हलल्याशिवाय खालचा सरकत नाही, आणि डगला हलायची सवय नव्हती.

वर्षातून दोन आठवडे सौदेवाल्यानं सक्तीनं रजेवर जायचं, बँकेत फोनसुद्धा करायचा नाही, असा नियम. कोणी काही लपवलं असेल तर तेवढ्यात उघडं पडतं. यंदा ते दोन आठवडे डगचं काम लेस्याकडे आलं.

जाताना डग म्हणाला, "पोरी, माती खाऊ नकोस."

"नाही रे खाणार."

"आणि फार चमकूही नकोस. माती खाल्लीस तर तू जाशील. चमकलीस तर मी."

आम्ही सगळे हसलो. डग हसला नाही.

लेस्या चमकली. नवव्या दिवशी तेलाचे भाव कोसळले, आणि तेलकंपन्यांचे रोखे तिनं आदल्याच दुपारी विकून टाकले होते. पॉलीन येऊन तिच्या पाठीमागे उभी राहिली. ती अशी उभी राहिली की मी उगाच फोन कानाला लावतो, मग ती कोणाच्याही मागे असो.

डग परतला त्या सोमवारी तो दहा मिनिटं पॉलीनबरोबर काचेच्या खोलीत बसला आणि कोट न काढताच गेला. खातं लेस्याला मिळालं. टोकाची खुर्ची कोणी भरली नाही. एके सकाळी ती उचलूनच नेली.

"माझ्या हाताखाली कोण?" लेस्यानं विचारलं.

"बघू," पॉलीन म्हणाली. "तोवर त्या दोन आठवड्यांतला एकेक सौदा लिहून काढ. पुढच्या रकान्यात कारण."

वरच्या मजल्यावरची दोन माणसं तिच्याजवळ लॅपटॉप उघडून बसली. ती लिहील ते, आपलं आपण सौदे करणाऱ्या नव्या यंत्राला शिकवायला.

"अगं, थोडं पोटात ठेव की," मी पुटपुटलो.

"चार वर्षांत सँडविचला मोहरीची चटणी हवी की नको, याखेरीज माझ्याशी कोणी काही बोललं नाही, म्हाताऱ्या. लिहू दे!"

तेलाच्या रोख्यांपुढे तिनं लिहिलं होतं: आतून वाटलं. तो कागद परत आला.

"आतून म्हणजे कुठून?" पॉलीननं अगदी मायेनं विचारलं.

लेस्या तीन दिवस जुने आकडे उपसत बसली. तिला काही सापडू नये म्हणून मी मनात प्रार्थना करत होतो. एरवी मी चर्चला नाताळापुरताच जातो. गुरुवारी जेवणाच्या सुमारास ती खुर्चीतून उडालीच.

"सापडलं!"

आणि मान खाली घालून भराभर लिहू लागली. त्या दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या.