माझ्या अशिलाला कापता येत नाही

वस्तादाने दोन्ही पाय रोवले, तलवार डोक्यावर नेली आणि माझ्या ऑफिसच्या मागे उगवलेल्या एरंडावर हाणली. पातं खोडावर आपटून वळलं, मूठ हातातून सुटली आणि तलवार कुंपणात जाऊन पडली. एरंड जागच्या जागी. वरची साल तेवढी निघाली. आता एरंड म्हणजे काही सागवान नव्हे. शेंबडं पोरही विळ्याने पाडील. वस्ताद मनगट चोळत, मान खाली घालून उभा राहिला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. माझ्या मते केस तिथेच जिंकली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. मी बुलढाण्यात फौजदारी वकिली करायचो. नारायण वस्ताद माझा अशील, म्हणजे ज्याची बाजू मी मांडायची तो माणूस. मोताळ्यापलीकडच्या एका खेड्यात त्याचा आखाडा होता. दसऱ्याला आणि गणपतीला त्याचा तलवारीचा खेळ पाहायला आसपासची गावं लोटायची. मीही पाहिला होता. दोन हातांत दोन तलवारी, पाठीमागून, पायाखालून, मानेभोवती गरगर फिरायच्या. पातं दिसायचंच नाही, नुसता झगमगाट आणि सूं सूं आवाज. बायाबापड्या हात जोडायच्या.

त्याच्यावर आरोप असा. गावातला किसन मोताळ्याचा बाजार करून सांजेला पायवाटेने घरी येत होता. कपाशीतून तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस मागून आला. चाहूल लागून किसन वळला, डोकं वाचवायला हात वर केला आणि वार त्या हातावर बसला. मारणारा पळाला. चेहरा कोणी पाहिला नाही. डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं, की एकच वार, सरळ, हाडात रुतलेला, सराईत हाताचा. त्या ‘सराईत’ शब्दाने माझ्या अशिलाच्या गळ्यात फास अडकवला. कारण तलवारीत सराईत असा त्या पंचक्रोशीत एकच माणूस होता.

त्यात भांडणही होतं. त्याआधीच्याच दसऱ्याला, भर मिरवणुकीत, किसन सगळ्यांदेखत म्हणाला होता, की वस्ताद नुसती फिरवते, याच्यानं काकडी बी नाही कापत. लोक हसले होते. वस्ताद खेळ थांबवून बोलला होता, की एक दिवस दाखवतो तुले. झालं! हेतू मिळाला, धमकी मिळाली, आणि आखाड्याच्या भिंतीवरची पूजेची धारदार तलवार पोलिसांनी मुद्देमाल म्हणून उचलली. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यातली जप्त वस्तू. वस्ताद त्या सांजेला घरी होता, पण सोबत फक्त बायको. बायकोच्या साक्षीला कोर्टात किती वजन असतं, ते मी वेगळं सांगायला नको.

वस्ताद पहिल्यांदा आला तेव्हा ‘मी नाही मारलं’ यापलीकडे काही सांगेना. मी खोदून खोदून विचारलं. शेवटी त्याची बायको सुभद्राबाई दाराआडून म्हणाली, की वकीलसायेब, याइनं जिंदगीत तलवारीनं काही कापलं नाही, ते सांगत काऊन नाहीत ते इचारा. वस्ताद तिच्यावर असा खेकसला की मी दचकलो. पण मला दोर सापडला होता. त्याच्या सासुरवाडीहून दुसरी एक धारदार तलवार मागवली आणि एरंडावर तो प्रयोग केला. निकाल तुम्ही वाचलाच.

हे असं का होतं, ते मलाही तेव्हाच कळलं. खेळातली तलवार पत्र्याची, हलकी. मूठ सैल धरायची आणि मनगट सतत वळवत ठेवायचं, तरच ती फिरते. त्याने मनगट तयार होतं, दम वाढतो, गर्दी मागे सरते. मिरवणुकीला आणखी काय हवं? पण कापायचं तर मूठ घट्ट हवी आणि धार फटक्याच्या दिशेने सरळ हवी. पातं जरासं कलंडलं की तलवार कापत नाही, काठीसारखी आपटते. वस्तादाचं मनगट इतक्या वर्षांच्या सवयीने ऐन फटक्याला वळायचं. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला तो सरळ वार याच्या हातून होणंच शक्य नव्हतं. कोयत्याने रोज कडबा तोडणाऱ्या कोणाच्याही हातून झाला असता.

मी त्याला सांगितलं, वस्ताद, आपला बचाव एका ओळीचा. माझ्या अशिलाला कापता येत नाही. तो म्हणाला, दुसरं काही नाही का सांगता येत? मी म्हटलं, दुसरं काही सांगितलं तर तुरुंग. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी ते हो धरलं. अशिलाचा चेहरा वाचत बसायला फौजदारी वकिलाला सवड नसते.

किसनची उलटतपासणी घेतली तेव्हा कोर्ट खचाखच भरलं होतं. उलटतपासणी म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारणं. अर्धं गाव बैलगाड्या जुंपून आलं होतं, आखाड्यातले सगळे चेले दाटीवाटीने मागे उभे. किसनचा हात गळ्यात बांधलेला. मी त्याला विचारलं, की दसऱ्याला तुम्ही वस्तादाबद्दल जे बोललात, ते चेष्टेने की खरंच तसं मत होतं?

“मत होतं,” तो म्हणाला. “आजबी आहे. याले कापता येत नाही. मले तर पोलिसायनं सांगतलं म्हणून वाटलं, का असन बापा.”

कोर्टात खसखस पिकली. सरकारी बाजू मांडणाऱ्या पोलीस प्रॉसिक्युटरचं तोंड उतरलं. फिर्यादीनेच आरोपीला निर्दोष ठरवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी मागे वळून वस्तादाकडे पाहिलं. वाटलं, हसत असेल. तो चेल्यांकडे पाहत होता आणि चेले जमिनीकडे पाहत होते.

मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे, नवीन बदलून आलेले. आमच्याकडची बोली ऐकून पहिले काही दिवस त्यांच्या कपाळावर आठ्या असायच्या. माणूस मात्र चौकस आणि सरळ. ते म्हणाले, नुसत्या मतावर कसं चालेल? आरोपीची इच्छा असेल तर करून दाखवावं. हिरवा बांबू ओल्या गोणपाटात गुंडाळू, म्हणजे हाड आणि मांस. तलवार मुद्देमालातलीच. मात्र आरोपीवर सक्ती नाही. आणि खरंच नसते. स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला कायदा कोणाला भाग पाडत नाही. मी उठून उत्तर देणार, त्याआधीच आरोपीच्या पिंजऱ्यातून मोठ्याने आवाज आला.

“हाव. दाखवतो.”

मी खूश झालो. का होऊ नये? एरंड मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पुढची तारीख महिन्याभराने पडली. वस्ताद जामिनावर होता, तो गावी गेला. मी त्याला एवढंच बजावलं, की आधी फिरवायची नाही, गिरकी नाही, नमस्कार नाही. सरळ उभं राहायचं, मारायचं आणि बाजूला व्हायचं. त्याने मान डोलावली. महिनाभरात एकदाही भेटायला आला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तुरीचे दिवस होते.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बादलीत मुरूम ठोकून बांबू उभा केला होता. त्याभोवती ओलं गोणपाट सुतळीने आवळलं होतं. मॅजिस्ट्रेट खुर्ची टाकून बसले. किसनला पुढे उभं केलं होतं. शिपायाने मुद्देमालाची तलवार वस्तादाच्या हातात दिली. मी सांगितलं होतं तसाच तो वागला. फिरवली नाही. गिरकी घेतली नाही. मूठ घट्ट धरली, एक पाऊल टाकलं आणि मारली.

बांबू तिरपा तुटला. गोणपाटासकट. वरचा तुकडा मॅजिस्ट्रेटच्या पायाशी येऊन पडला.

मला आधी वाटलं, बांबू चिरलेला असेल, कोणीतरी लबाडी केली असेल. वाकून पाहिलं. हिरवागार, घट्ट, अखंड बांबू. काप असा गुळगुळीत की बोट फिरवावं. प्रॉसिक्युटरसुद्धा तोंड उघडं टाकून पाहत होता, म्हणजे मी एकटा नव्हतो. वस्तादाने तलवार शिपायाच्या हातात दिली, किसनकडे वळला आणि शांतपणे विचारलं, “पाह्यलं?”

किसनने मान हलवली. आणि मागून चेल्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांचा वस्ताद तुरुंगात चालला होता आणि ते टाळ्या वाजवत होते. माझ्या वकिलीत मी बरंच पाहिलं, खुनी पाहिले, सख्ख्या भावांना एकमेकांविरुद्ध शपथा घेताना पाहिलं. पण त्या टाळ्यांनी मी जितका हादरलो तितका कशाने हादरलो नाही. वस्तादाने जे केलं, त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

पुढे बोलायला काही उरलंच नव्हतं. हेतू होता, धमकी होती, हत्यार होतं, आणि ‘आरोपीने आपले कौशल्य न्यायालयासमक्ष स्वतःच सिद्ध केले’ असं निकालपत्रात आलं. दीड वर्ष सक्तमजुरी. मॅजिस्ट्रेटना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

निकालानंतर मी लॉकअपपाशी गेलो. मी त्याला वाटेल ते बोललो, शहाण्या माणसाने बोलू नये असं बोललो. त्याने ऐकून घेतलं.

“वकीलसायेब,” तो म्हणाला, “तुमी साऱ्या गावासमोर सांगतलं, याले कापता येत नाही. घरी गेलो त आखाड्यात एक पोट्टा नाही आला. मी उगाच सुटून काय करू? कोणत्या तोंडानं दसऱ्याले उभा राहू?”

“अरे पण तू मारलं नाहीस!”

“नाही मारलं,” तो म्हणाला. “पण मारू शकत नव्हतो असं नका म्हणू.”

मी तिथून निघालो. बाहेर सुभद्राबाई पायरीवर बसली होती. तिच्याकडून सगळं कळलं. किसनच्या उलटतपासणीच्या तारखेहून घरी गेल्यावर वस्तादाने सासुरवाडीची तलवार घेतली आणि शेतातल्या झोपडीत मुक्कामच टाकला. बांधावरचा एकही एरंड ठेवला नाही. मग शेवगा तोडला. मग कुठून कुठून हिरवे बांबू आणले. घरातली सगळी पोती ओली करून त्यांवर गुंडाळली आणि फाडली. तूर भरायला घरात धड पोतं राहिलं नाही, असं सांगताना ती बाई रडली. हाताला फोड आले, फुटले, तरी थांबला नाही. इतक्या वर्षांची मनगटाची सवय त्याने त्या महिन्यात मोडली. तिने अडवलं तेव्हा म्हणाला, की वकिलाले एक शब्द सांगशीन त पाह्य.

मी तर तिथल्या तिथे उसळलो. अहो, हाच तर बचाव! गुन्हा आधी झाला, कापायला तो नंतर शिकला. मी अपील तयार केलं. सुभद्राबाई शपथेवर सांगायला राजी होती, सासरा राजी होता, फाडलेली पोती घरात पडलेली होती. फक्त वस्तादाची सही हवी होती. मी कागद घेऊन तुरुंगात गेलो आणि त्याला वाचून दाखवला.

त्याने कागद परत केला.

“महिनाभरात शिकलो म्हणून लिवता? मंग लोक म्हणतीन, इतके वर्स याले येत नव्हतं.”

मी समजावलं, रागावलो, बायकोची शपथ घातली. शेवटी हात जोडले, आणि मी कोणापुढे हात जोडणारा माणूस नाही. तो गजाआडून मलाच धीर देऊ लागला, की सायेब, दीड वर्ष काय, निंघून जाईन. तिकडे सुभद्राबाईने एकटीने शेत पाहिलं, तूर मागून आणलेल्या पोत्यांत भरली. तिला त्या दीड वर्षाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. वस्तादाला याची लाज वाटली का, मला माहीत नाही. मला मात्र त्याचा संताप आला, आणि अजून येतो.

शिक्षा भोगून तो सुटला तेव्हा गावाने त्याला वाजतगाजत नेलं. हार घालायला सगळ्यात पुढे किसन होता. आपल्या हातावर वार यानेच केला, याची त्याला आता पक्की खात्री पटली होती, आणि त्याचं त्याला कौतुक वाटत होतं! खरा मारणारा कोण, ते कोणाला कळलं नाही. कळून घ्यायची आता कोणाला गरजही नव्हती.

आमच्या धंद्यात शिकवतात, की अशील खोटं बोलतो हे गृहीत धरा, म्हणजे फसत नाही. तेवढं पुरत नाही. तेव्हापासून वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, तुम्हाला सुटायचं आहे ना? लोक हसतात, म्हातारा चळला म्हणतात. म्हणू देत. स्पष्ट ‘हो’ ऐकल्याशिवाय मी त्यांच्या हातात पेन देत नाही.