तिसरा भाग करडीला राहिला

पुस्तक एकट्यानं, मनातल्या मनात वाचायचं असतं, हे मला भंडाऱ्याला डी.एड.ला गेल्यावर कळलं. खरं सांगते, ते मला आजही पटलेलं नाही. वाचनालयात माना खाली घालून बसलेली माणसं पाहिली की मला परीक्षेचा हॉल आठवतो. माझ्या लेखी पुस्तक म्हणजे एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी हात चालवत ऐकायचं, आणि पटलं नाही तर मध्येच लेखकाला चार शब्द सुनवायचे.

आमचं गाव लाखांदूरकडचं. धानाची रोवणी-कापणी सोडली तर बायांच्या हाताला काम असायचं ते बिडीचं. दुपारची जेवणं झाली की शेजारच्या काकूंच्या अंगणात, कडुलिंबाखाली, सात-आठ जणी मांडीवर सुपं घेऊन बसायच्या. सुपात तेंदूची कापलेली पानं, कोपऱ्यात जर्दा, बाजूला दोऱ्याचं रीळ. पान उचलायचं, जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हात आपले आपण चालतात, डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यांसाठी मी होते. नववीत शिकत होते, शाळा सकाळची होती, वाचन खणखणीत होतं आणि बिड्या वळण्यात मी अगदी ढ होते. मी वाचायचं आणि माझ्या वाटच्या बिड्या बाकीच्यांनी थोड्या थोड्या वळून द्यायच्या, असं आपसूक ठरून गेलं. आईची काही तक्रार नव्हती, कारण मी वळलेल्या बिड्या कारखान्याचा मुनीम तशाही बाजूला फेकायचा.

पुस्तकं मिळाली ती मास्तरीणबाईंमुळे. शाळेतल्या गुरुजींची बदली झाली, सामान बांधताना ट्रंक जड झाली, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यातली जाडजूड पुस्तकं काढून माझ्या हातात ठेवली. पाच भागांची ऐतिहासिक कादंबरी. गड, घोडे, लढाया, कटकारस्थानं, आणि या सगळ्या धुमाळीत एक सरदार आणि त्याची बायको यांचं प्रेम. आम्ही त्यांची भारदस्त नावं कधी घेतली नाहीत. ती राणी आणि तो सरदार, बस. पण पाच भागांतले चारच होते. "तिसरा करडीला राहिला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आधीच्या बदलीच्या गावी एकीनं वाचायला नेला, तो परत दिलाच नाही." करडी म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मोहाडीकडे. आमच्या दृष्टीनं काशी आणि करडी सारखीच लांब.

पहिला भाग सुरू झाला आणि पंधरवड्यातच भानगड झाली. मुनीम बिड्या तपासायला बसला की आमच्या अंगणातल्या बिड्यांचा ढीग बाजूला काढायचा. "काय वं, तुमच्या हाताले काय झालं? साऱ्या ढिल्या!" बायांनी विचार केला तेव्हा ध्यानात आलं. राणी रडायला लागली की बिड्या ढिल्या पडायच्या, आणि लढाई लागली की चांगल्या करकचून वळल्या जायच्या. काकूंनी निकाल दिला: लढाया कामाच्या वेळी वाचायच्या, आणि रडणं, रुसणं, प्रेम हे सगळं चहाच्या वेळी, हात मोकळे असताना. मग मी आधी घरी पानं चाळून कुठं काय आहे ते पाहून ठेवायची. मुनीम खूश झाला. त्याला वाटलं, त्याच्या दटावणीचा परिणाम झाला.

त्या बायांमध्ये माझी ताईही होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, आणि सासरहून कुणी न्यायलाच आलं नाही. सासूला मुलगा हवा होता आणि भाऊजी सासूच्या शब्दाबाहेर नव्हते, एवढी साधी गोष्ट. बारशाचं बोलावणं धाडलं, तरी कुणी फिरकलं नाही. सासर दिघोरीच्या पलीकडे, सायकलनं येता येईल असं. पण सायकल काही आली नाही. पोरगी उपडी वळली, बसली, रांगायला लागली. ताई सुपाशी बसायची, मान खाली, आणि तिच्या बिड्या मात्र कधी ढिल्या पडायच्या नाहीत.

दुसऱ्या भागाच्या शेवटी सरदार कुणाच्या तरी चुगलीवर विश्वास ठेवतो आणि राणीला लेकरासकट माहेरच्या गडावर पाठवून देतो. मेणा निघून जातो आणि पुस्तक संपतं. चहा निवला तरी कुणी कप उचलला नाही. कुणी ताईकडे पाहिलं नाही, आणि सगळ्या ताईकडेच पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी थेट चौथा भाग उघडला. पहिल्याच पानावर दरबार भरलेला. राणी गादीवर बसून कारभार पाहते आहे, आणि सरदार तिच्या समोर, हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन, उभा आहे. अंगणात एकच गलका झाला. मध्ये झालं काय? ती गादीवर कशी आली? तो उभा काहून?

मग तिसरा भाग अंगणातच तयार झाला. प्रत्येकीनं आपापला सांगितला. काकू म्हणाल्या, राणी स्वतःहून परत गेली असणार. "मी नाई गेली काय? दोन दिवस धुसफूस झाली, मंग झालं सारं बराबर." म्हातारी आत्या, जिच्यावर नवऱ्यानं सवत आणली होती, ती ठामपणे म्हणाली, "सरदारानं दुसरी केली. मंग दुसरीनं त्याले हाकललं, तवा याद आली पहिलीची." रोजीनं कामाला जाणारी एक तरणी बाई होती. तिला वेगळाच राग. "गडावर भांडे कोन घासे, लेकरू कोन सांभाळे? तिचं काईच नाई लिवलं. तिसऱ्यात तिचंच असन." मला आजही वाटतं, त्या तिघींचे तिसरे भाग छापायला हवे होते. ताईनं तेवढा काही सांगितला नाही.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. सोयरीक जमवणारे मामा आले आणि बाबांना म्हणाले, मंडईच्या आधी पोरीला आणून सोडा, ते लोक काही म्हणणार नाहीत. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, गावोगावचे पाहुणे येतात, तेव्हा सून घरात दिसली नाही तर चारचौघांत शोभा, एवढंच त्यांचं दुखणं होतं. बाबांना तेवढंही पुरे होतं. घरात बसलेल्या लेकीचा घोर बापाला काय असतो ते मी पाहिलं आहे. भरल्या ताटावरून ते उठून जायचे. मामा गेल्यावर ते म्हणाले, "परवा मीच नेऊन घालतो."

आई डोळे पुसत ताईची पेटी शोधायला उठली. ताई म्हणाली, "मी नाई जात असी."

"काहून?"

"राणी गेली नाई."

बाबा आता भडकणार, पुस्तकं चुलीत जाणार, आणि वाचणारीचं काय होणार ते वेगळंच. पण बाबा भडकले नाहीत. "तुले कसं मालूम? तिसरा तं करडीले हाय," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं, की दुपारी काकूंच्या कुंपणाला टेकून अंबाडीचा दोर वळत बसणारा हा माणूस पहिल्या भागापासून सगळं ऐकत आला होता.

"चौथ्यात तो उभा हाय नं, बाबा," ताई म्हणाली. "ती आपल्या पायानं गेली असती, तं ती उभी रायली असती अन् तो बसला असता. तो आला न्यायले, म्हणून ती बसून हाय."

बाबांनी खूप वेळ विचार केला. शोधूनही त्यांना त्यात खोट सापडली नाही. मलाही सापडली नव्हती. शेवटी ते म्हणाले, "बराबर हाय." दुसऱ्या दिवशी सायकल काढून ते दिघोरीकडे गेले आणि सांगून आले, की लेक आमची आहे, सामान नाही, आणून टाकायला. न्यायची असेल तर या.

मंडई झाली, कापणी झाली, कुणी आलं नाही. गावात लोक बोलायचे ते बोललेच. बाबा पुन्हा अन्नावरून उठायला लागले, पण शब्द त्यांनी फिरवला नाही. ताईनं दुपारी माझ्याकडून पुस्तक मागून घ्यायला सुरुवात केली. चौथीपर्यंत शिकलेली होती, आधी अडखळायची, मग सुधारली. पाचवा भाग तिनंच वाचून संपवला, आणि संपल्यावर बायांनी पुन्हा पहिला भाग लावला.

भाऊजी आले ते पुढच्या उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी. सायकल कुंपणाला लावून आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. ताई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. जावई दारात आला आणि खाट टाकली नाही, असं आमच्याकडे होत नाही. आई खाटेकडे धावली, तेव्हा बाबांनी तिला नुसत्या नजरेनं थांबवलं. कुंपणापलीकडे काकूंच्या अंगणात सगळ्यांच्या माना इकडे वळल्या होत्या.

भाऊजी म्हणाले, "न्यायले आलो."

ताईनं हातातली बिडी पुरी केली, दोरा बांधला. "पोरीचं नाव काय ठेवलं, मालूम हाय तुमाले?"

त्यांना माहीत नव्हतं. उन्हात उभे होते, घाम गळत होता, आणि पायाशी खेळणाऱ्या स्वतःच्या मुलीकडे ते नुसते पाहत राहिले.

"मालूम करून या," ताई म्हणाली.

ते गेले. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबा कुंपणापाशी दोर वळत बसले. जवळ आलेली गोष्ट पोरीनं हातानं ढकलली, असं सगळ्या गावाचं मत पडलं. मी मात्र ताईवर बेहद्द खूश होते. आठवड्यानं सायकल पुन्हा आली. भाऊजींच्या हातात तान्ह्या लेकराच्या मापाचं झबलं होतं, आणि पोरगी तर आता अंगणभर पळत होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला तिच्या नावानं हाक मारली. कुणाला विचारलं होतं कोण जाणे. पोरगी घाबरून ताईमागे लपली. मग ते ताईला म्हणाले, "मायशी बोललो मी. तुले कोनी काई म्हणणार नाई. अन् पोरीलेबी नाई."

ताई म्हणाली, "बाबा, खाट टाका."

पुढं मी भंडाऱ्याला डी.एड.ला गेले. माझ्या खोलीतली मुलगी करडीची निघाली. मी तिला पहिल्याच रात्री तिसऱ्या भागाची गोष्ट सांगितली, आणि दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना तिनं तो आणला. तिच्या मावशीच्या फळीवर धूळ खात पडला होता.

मी तो भंडाऱ्यातच एकटीनं, मनातल्या मनात वाचला, आणि माझं धाबं दणाणलं. राणी परत गेली होती. स्वतःहून, पायी, लेकराला कडेवर घेऊन. गडाच्या दारात पदर पसरून उभी राहिली होती, आणि सरदारानं मोठ्या मनानं तिला आत घेतलं होतं. पुढं लढाईत त्याच्या गुडघ्यात भाला शिरला, पाय कायमचा ताठ झाला. त्याला गादीवर मांडी घालून बसता येईना, म्हणून कारभार तिच्याकडे आला. चौथ्या भागात तो उभा होता तो एवढ्याचसाठी. आणि जी काठी आम्ही सरदारकीची समजलो होतो, ती लंगड्या पायाची होती.

ज्या एका पानाच्या भरवशावर माझ्या बहिणीनं सबंध संसार पणाला लावला, त्या पानाचा अर्थच तो नव्हता. मला वाटलं, पुस्तक गुपचूप करडीला परत जाऊ द्यावं. पण तिच्यापासून लपवून ठेवावं इतकी काही माझी ताई कच्ची नव्हती. सुट्टीत मी एस.टी.नं तडक तिच्या सासरी गेले. ताई ओसरीवर सूप घेऊन बसली होती, पोरगी शाळेत गेली होती, भाऊजी दारात बसून कुदळीला दांडा बसवत होते. पुस्तक पाहून ताईचे डोळे चमकले.

"सापडला? वाच. तिथूनच वाच, ती माहेरी गेली तिथून."

मी वाचलं. दार, पदर, भाला, गुडघा, काठी, सगळं वाचलं. ताईचा हात थांबला होता.

"म्हणजे तो गुडघ्यामुळं उभा होता?"

"हो."

ताई इतकी हसली की सुपातला जर्दा ओसरीभर झाला. "अन् मी त्या गुडघ्याच्या भरवशावर बाबाशी भांडली वं!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं असं मला म्हणता यायचं नाही. मग ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चुकलं त्याचं. लिवणाऱ्याचं. ती असी नाई जात."

दारातून ठोकण्याचा आवाज थांबला. भाऊजी मान वर न करता म्हणाले, "माहे गुडघे तं धडके होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"धडके होते," ते पुन्हा म्हणाले, "तरी उभाच होतो नं मी."