परसातली सारवलेली वाट

आमच्या कडाव गावात अंगण सगळ्याच बायका सारवत. परसातली वाट सारवणारी एकच, आमची शेजारीण जयवंताबाई. गाव तिला हसलं. हसणाऱ्यांत मीही होते, उगाच खोटं कशाला बोलू.

तिचे मालक सहदेवबुवा देवीच्या साथीत आंधळे झाले होते. पण मागच्या दारापासून वांग्यांच्या वाफ्यापर्यंतची तीस पावलं त्यांना पाठ होती. काठी टेकत जायचे, बोटांनी चाचपून वांगी तोडायचे. तेवढंच काम त्यांच्या हाती उरलं होतं आणि त्यावर त्यांचा जीव होता.

लढाई चालू होती त्या साली, भातं कापून झाल्यावर, त्या वाटेच्या कडेच्या भुसभुशीत मातीत गांधीलमाश्यांनी भोकं पाडली. गुणगुण पहिल्यांदा बुवांनीच ऐकली, पण तोवर पाऊल पडलं होतं. पाय सुजून भोपळा झाला. सूज उतरली, तरी ते दारातल्या बाजेवरून उठेनात. "खायला काळ नि भुईला भार झालो मी," म्हणायचे.

माझे दीर आबाजी म्हणाले, "भोकात राकेल ओता नि काडी लावा." राकेल मिळायचं कार्डावर, दिव्यालाही पुरत नसे, शिवाय शेजारीच पेंढ्याची उडवी. भावजींचं काय जातंय, आग दुसऱ्याच्या परसात!

जयवंताबाईनं मात्र एक हेरलं होतं. सारवलेल्या अंगणात गांधीलमाशी घर करत नाही. तिला सुकी, मोकळी माती लागते. मग रोज पहाटे, माश्या गारठलेल्या असताना, ती वाटेवर पाणी ओते, चोपण्यानं माती चोपे आणि वरून शेणानं सारवे. दोन्ही कडांना पेंढा पसरे. दोनदा डसल्या तिला. पंधरा दिवसांत माश्या कंटाळून शेताच्या बांधाकडे गेल्या.

आणि एका सकाळी पाहते तर बुवा वाफ्यात, काठी दारातच. सारवलेली वाट पायाला गुळगुळीत लागे, कडेचा पेंढा टोचे. चुकायचं कामच नाही. मला मेलीला रडूच आलं.

शिमगा आला. जयवंताबाईचे गुडघे धरले होते, तरी सारवण चालूच. मी म्हटलं, "माश्या कवाच्या गेल्या. आता कशापायी?"

"हळू बोल गं. त्यांना सांगितलंय, अजून हायत. नायतर माझे गुडघे बघून सारवू द्यायचे नायत."

दुसऱ्या दिवशी वांगी न्यायला गेले, तेव्हा तिचं खोटं सांभाळायला मी बुवांना म्हटलं, "जपून हो, माश्या हायत."

ते हसले. "दोन म्हयने झाले, एक गुणगुणली नाय. डोळे गेलेत माझे, कान नाय."

"मग तिला सांगत का नाय?"

बुवांनी चाचपून एक वांगं तोडलं नि माझ्या हातात दिलं. "माश्या गेल्या म्हटलं तर ती सारवायची थांबंल. मग वाट मागून घ्यायची लाज वाटते गं," म्हणाले.

त्यानंतरच्या पहाटे मी आमच्या पडवीतून पाहिलं. जयवंताबाई गुडघे टेकून सारवत होती आणि बुवा दारातल्या रांजणातून पाणी आणून तिच्या हाताशी ठेवत होते.

"अजून हायत का गं माश्या?" त्यांनी विचारलं.

"हायत की, अवो."

"मग आणखी एक घागर आणतो," म्हणून ते वळले.