वाऱ्याने नेलेली माती

आर्डिस जाऊन आठ महिने झाले होते, आणि तिच्या राखेचा डबा अजून व्हर्लिनच्या पिकअप गाडीत, त्याच्या शेजारच्या सीटवर होता. डब्याला तो पट्टा लावायचा. "नाहीतर वळणावर पडते ती," असं सांगायचा. ऐकणारे मान डोलवायचे.

व्हर्लिन कास्पारेक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. नेब्रास्कातल्या एका लहान गावात, धान्याच्या कोठारावर, त्याने एकेचाळीस वर्षं मक्याचे ट्रक तोलले. एरवी तो फार बोलत नसे; अपवाद दोनच. एक म्हणजे आपल्या राज्याच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आणि दुसरं, मिझूरी नदीपलीकडचं आयोवा राज्य. बायको आर्डिस त्याच आयोवाची. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ती पूल ओलांडून आली, नेब्रास्का संघाच्या रंगाचा लाल कोट चढवून स्टेडियममध्ये त्याच्या शेजारी बसली, आणि तेव्हापासून ती नेब्रास्काची झाली असं तो धरून चालला.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, या दोन राज्यांचा सामना असतो. त्या सकाळी स्टेडियमबाहेरच्या मैदानात गाड्या लागल्या होत्या, शेगड्या पेटल्या होत्या. शेजारीण मार्लिस राजम्याची तिखट चिली ढवळत होती. बाजूला दालचिनीच्या गोड रोलचं ताट होतं. लाल टोप्यांच्या गर्दीतून आयोवा संघाची एक काळी-पिवळी टोपी वाट काढत आली. तो आर्डिसचा धाकटा भाऊ, ड्वेन टाडेन.

"आला, माणसांपेक्षा डुकरं जास्त असलेल्या राज्याचा राजदूत!" व्हर्लिन म्हणाला.

"आलो तर! तुमचा नवा क्वार्टरबॅक बघायला आलोय. चेंडू फेकतो म्हणे, पण कोणाकडे ते त्यालाच माहीत नसतं."

"लिंडग्रेन फेकत नाही रे, पळतो. वारा आहे वारा."

"पळतो खरा. गेल्या शनिवारी मागे पळत होता!"

"आणि तुमचा श्राडर? चेंडू हातात घेऊन एवढा विचार करतो, की तेवढ्यात मका पेरून कापून होतो."

"आधी खा दोघं," मार्लिसने वाट्या पुढे केल्या.

खाता खाता बोलण्याची गाडी नेहमीसारखी प्रदेशावर आली. "तुमच्याकडे बघायचं तरी काय?" ड्वेन म्हणाला. "सगळं सपाट. तुमच्या गावची पाण्याची टाकी तासभर समोर दिसत राहते, जवळच येत नाही."

"मार्चमध्ये प्लॅट नदीवर ये. लाखांनी क्रौंच उतरतात."

"आणि महिन्यात उडून जातात. त्यांनासुद्धा तिथे राहवत नाही!"

"तुमच्या नदीकाठच्या टेकड्या तरी तुमच्या कुठे? आमच्या बाजूची धूळ वाऱ्याने उडवून नेली, आणि तुम्ही तिच्यावर पाटी ठोकलीत, निसर्गरम्य मार्ग म्हणून!"

इथे दरवर्षी आर्डिस चमचा वाटीवर आपटायची. "पुरे. निकाल मैदानात लागेल," म्हणायची. आज चमचा वाजला नाही. दोघंही पिकअपच्या सीटकडे बघत राहिले.

"व्हर्लिन," ड्वेन हळू म्हणाला, "आमच्याकडे टेकडीवरच्या दफनभूमीत आईबाबांच्या शेजारी जागा आहे."

"माझ्या शेजारीही आहे. थडग्याच्या दगडावर माझं नाव आधीच कोरून झालंय."

"ती काही बोलली होती का?"

"नाही."

ड्वेनने वाटी खाली ठेवली. "मग तिच्याच पद्धतीनं. जो जिंकेल, त्याच्याकडे."

"लाज वाटते का तुम्हाला?" मार्लिस कडाडली. "बाई होती ती, चषक नव्हे!"

दोघांनी हात मिळवले. आर्डिस असती तर सगळ्यांत आधी हसली असती, हे मार्लिसलाही माहीत होतं.

स्टेडियममध्ये ड्वेन आर्डिसच्या जागेवर बसला. शेवटच्या मिनिटापर्यंत आयोवा चार गुणांनी पुढे होतं. मग लिंडग्रेनने चेंडू काखेत मारला आणि तो पळाला. या वेळी पुढे, थेट शेवटच्या रेषेपलीकडे. सारं स्टेडियम उभं राहिलं. व्हर्लिनचा उजवा हात सवयीने शेजारच्या गुडघ्यावर थापटायला गेला आणि ड्वेनच्या गुडघ्यावर पडला. ड्वेन टोपीने नाक पुसत होता.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे," व्हर्लिन म्हणाला. तो जिंकला होता. पण त्याला उठवेना.

मैदान रिकामं होत असताना ड्वेन निरोप घ्यायला पिकअपपाशी आला. "हिच्या बाजूची काच का उघडी? बर्फ जाईल आत."

"तिची सवय. तुमच्याकडे येताना पुलावर काच खाली करायची. ऐन नोव्हेंबरात! सत्तेचाळीस वर्षं मी कुडकुडत ओरडलो."

"आणि परत जाताना?"

व्हर्लिनचा हात उघड्या काचेच्या कडेवर गेला. ट्रक आत येताना तोलायचा आणि रिकामा होऊन जाताना पुन्हा तोलायचा. दोन्हींतला फरक म्हणजे माल. जन्मभर त्याने तेवढंच केलं होतं. या एका गाडीचं मात्र त्याने आयोवाला जाणंच मोजलं, परतणं कधी मोजलंच नाही.

"परत येताना," तो सावकाश म्हणाला, "कधीच नाही."

 मग व्हर्लिनने पट्टा सोडला, डबा उचलला आणि ड्वेनच्या हातात दिला. "गाडीत बस. उजेड आहे तोवर जागा दाखव. पाद्रीला उद्या बोलावू."

"अरे, पण जिंकलास तू!"

"म्हणून तर मी ठरवतोय. आणि डोळे पुस, तुम्हाला काही देत नाहीये मी. ती माती आमचीच आहे. सत्तेचाळीस वर्षांत आणखी थोडी उडाली, एवढंच."

तासाभराने पूल लागला. खाली नदी करडी दिसत होती, पलीकडे टेकड्यांवर शेवटचं ऊन होतं. व्हर्लिनने आपल्या बाजूचं बटण दाबून ड्वेनने बंद केलेली काच पार खाली केली.

"लाव ती, मेहुण्या! कान गळून पडतील माझे!"

"ओरड," व्हर्लिन म्हणाला. "ते काम आता तुझं."